चालशील, म्हणजे नक्की काय?

ती. सगुणा मावशीस,

सारसोळ्याहून विपुलचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे सगळे मजेत आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. तुझा गुडघा कसा आहे? काका गोळ्या घेतात का, की अजून उशीखाली लपवतात? फोन न करता पत्र लिहितोय म्हणून रागावू नकोस. जासईत तुझ्या दारावरून कंटेनरचे ट्रेलर जातात, त्यात मी एक बोलतो आणि तू दुसरंच ऐकतेस. (मागे मी ‘ताप आलाय’ म्हणालो, तू ‘साप आलाय’ ऐकलंस आणि हरेशदादाला काठी घेऊन पाठवलंस. तो बिचारा किती वेळ माझ्या पलंगाखाली बघत होता.) उलव्याच्या स्थळाला रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय आणि तुझा शब्द त्यात अडकलाय, हे मी विसरलेलो नाही. पण काय कळवावं तेच मला कळेना, आणि का कळेना ते सांगायचं तर आधी बर्फाचं सांगावं लागेल.

झालं असं, की नेरुळच्या एका ट्रेकिंगवाल्या ग्रुपने मला फोटो काढायला बोलावलं. जाणं-येणं, राहणं-खाणं त्यांचं, आठवडाभर हिमाचल, आणि कार्यक्रम काय, तर ‘क्रॉस कंट्री’. आता शाळेत क्रॉस कंट्री म्हणजे पळायची शर्यत, एवढंच आपल्याला माहीत. मी म्हटलं, लोक पळतील, मी वळणावर उभा राहून फोटो काढीन. हाफ पँट आणि पळायचे बूट घेऊन गेलो. (आईने सुकटही बांधून दिली, थंडीत अंगात ऊब राहते म्हणून. उबेचं माहीत नाही, पण खोलीतले दोघे दुसऱ्या खोलीत झोपायला गेले.) तिथे गेल्यावर कळलं, की ही क्रॉस कंट्री स्कीइंगची. पायाला होडीच्या वल्ह्यांएवढ्या दोन अरुंद पट्ट्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि बर्फावरून दिवसभर चालायचं. टीव्हीत दाखवतात तसं डोंगरावरून सुसाट खाली येणं नाही गं, तिथे निदान उतार तरी मदत करतो. हे सपाटीवर, आपलं आपण. आणि फोटोग्राफरला सूट नाही, कारण लोक पुढे निघून गेले तर फोटो काय झाडांचे काढणार? आपल्या घराण्याने बर्फ पाहिला तो पापलेटावर टाकलेला. त्यावर कुणी उभं राहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पहिल्या दिवशी मी इतका पडलो, की शिकवणारा मला उचलायचं सोडून नुसतं ‘जी, फिर से’ म्हणायला लागला. कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळीच. थंडीने बॅटऱ्या मरतात म्हणून त्या काखेत धरायच्या, काखेत धरल्या की काठ्या मारता येत नाहीत, काठ्या मारल्या की बॅटऱ्या बर्फात. बरं, हळदीच्या मांडवात चालणारी अक्कल तिथे चालत नाही. ग्रुप फोटोच्या वेळी सवयीने मी म्हणालो, ‘थोडं मागे व्हा... अजून थोडं मागे...’ आणि आख्खी रांग हसऱ्या तोंडाने एकामागोमाग एक मागच्या खड्ड्यात उतरली. शेवटचे हौसेराव, ते जाताना माझ्याकडे बघत हात हलवत होते. फोटोत नुसतं धुकं आणि तो एक हात आलाय.

पण मावशी, मैत्री मात्र त्या खड्ड्यामुळेच झाली. शिव्या घालण्यापुरते तिघे माझ्यापाशी आले आणि मग आठवडाभर सोडेनात. हे हौसेराव म्हणजे मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मुकादम होते, आता सुनेच्या हट्टाने हौस करतात. ‘आरं लेका, गुडघं वाकीव की! ताठ हुबा ऱ्हायलास तर पडनारच!’ असं ते दिवसभर ओरडायचे, आणि स्वतः वाकलेल्या गुडघ्यांनी पडायचे. दुसऱ्या राजलक्ष्मीताई, खारघरला शाळेत शिकवतात, मुलगा कॉलेजात आहे. तिसरी निशिगंधा. आपल्या दिवाळे गावचीच, बेलापूरला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, पाय मोडलेल्यांना पुन्हा चालायला शिकवते. (उंची माझ्या खांद्याला. हे उगाच लिहिलं.)

आता नीट लक्ष देऊन वाच, कारण इथून पुढे मलाच नीट कळलेलं नाही. तिथे जाकिटं भाड्याची, सगळी नारिंगी. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, नाकातोंडावर मफलर. माणूस म्हणून काही दिसतच नाही, वाकून चालताना उंचीही कळत नाही. फक्त निशिगंधाच्या जाकिटाच्या बाहीवर काळ्या चिकटपट्टीचं ठिगळ होतं, त्यावरून मी तिला ओळखायचो. मी सगळ्यांत मागे, आणि ठिगळवालं जाकीट रोज माझ्यासोबत मागे रेंगाळायचं. वाऱ्यात बोललेलं धड ऐकू यायचं नाही, तरी मी बोलत राहायचो. लोकांच्या लग्नात नवरानवरीला ‘जवळ या, अजून जवळ’ म्हणत माझी उमर गेली आणि आपल्याजवळ कुणी नाही, इथपर्यंत सगळं सांगून झालं. ते जाकीट मान हलवायचं. मला फार बरं वाटायचं गं.

शेवटच्या दिवशी पांढऱ्याफेक मैदानात मी असा पडलो, की उठावंसंच वाटेना. ठिगळवालं जाकीट परत फिरून माझ्याजवळ उभं राहिलं. मी जीव गोळा केला, उलव्याचं सांगितलं, आणि खाली बसल्या बसल्याच विचारलं, ‘मी चालेन का?’ मफलरमधून, वाऱ्यात फाटलेलं उत्तर आलं, ‘चालशील, चालशील!’ आणि एक हात पुढे आला. मी उठलो तो थेट मुक्कामापर्यंत न पडता आलो. शिकवणाऱ्याने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बघतो तर शेगडीभोवती सगळी ओली जाकिटं एका दोरीवर, आणि राजलक्ष्मीताई सहज म्हणाल्या, ‘सकाळी हाताला लागेल ते घालायचं, आपलं काय अन् दुसऱ्याचं काय.’ म्हणजे ठिगळ रोज निराळ्या माणसाच्या अंगावर! मी आठवडाभर नक्की कुणाला काय सांगितलं? हौसेरावांना आडून विचारलं, तर म्हणाले, ‘म्या तर समद्यास्नीच म्हनत हुतो, चालशील म्हनून!’ आपल्या मराठीनेही दगा दिला बघ. ‘चालशील’ म्हणणारी बाई की बुवा, काही पत्ता लागत नाही. आणि समज निशिगंधाच होती, तरी ‘चालशील’ म्हणजे नवरा म्हणून चालशील, की पट्ट्यांवर चालशील? पडलेल्यांना ‘चालाल’ म्हणणं हा तर तिचा धंदाच. आईला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘आरं बाला, पन ती कोन हाय तं तरी ठाव हाय का तुला?’

असो. तब्येतीला जप. काकांची उशी तपास.

तुझा,
विपुल

ता. क. : रविवारी तिघांनाही जेवायला बोलावलंय, निमित्त फोटो दाखवायचं. (सगळे फोटो नारिंगी आलेत.) तू ये. तू माणसाचा आवाज ऐकून त्याच्या पोटातलं सांगतेस. वाढता वाढता एकेकाला बोलतं कर आणि ‘चालशील’वाला कोण ते मला खुणेने सांग. कोलंबी मी आणतो.

ता. क. २ : उलव्याला मात्र नाही कळव. ‘चालशील’ हौसेराव म्हणाले असले तरी नाहीच कळव. माझ्या मनात कोण आहे ते मला ठाऊक आहे, त्या मुलीला उगाच फसवू नये. तुझा शब्द खाली पडतोय त्याबद्दल माफ कर. काय बोलायचं ते मला बोल, आईला नको.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितोय. आत्ताच निशिगंधाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, ‘अरे, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू म्हणालास ना, मी चालेन का, ते नक्की कशाबद्दल?’ घाबरून म्हटलं, ‘ते... चालण्याबद्दल.’ ती म्हणाली, ‘बरं. मी उगाच घरी सांगून बसले.’ आणि फोन ठेवला. मावशी, आता रविवार नको. हे पत्र पोस्टात टाकत नाही, मीच घेऊन आलोय आणि तू वाचतेस तोवर तुझ्या ओट्यावर उभा आहे. चष्मा ठेव, चप्पल घाल, आपल्याला दिवाळ्याला जायचंय.