चादरीच्या दुसऱ्या टोकाची

अहो,

तुम्हाला नमस्कार, पोरांना पापा. मी ठणठणीत आहे, खोकला गेला, तेव्हा उगाच काळजी करू नका. सासूबाईंचा गुडघा कसा आहे?

या परक्या देशातली निवडणूक झाली. देशाचा कारभार हाती घ्यायला एक बाई उभी होती, ती पडली. मला इथे मत नाही, पण आमच्या धुलाईखान्यातल्या सगळ्या म्हणत होत्या, मत तिलाच. मग पाडलं कोणी?

इस्पितळाच्या चादरींच्या घड्या आम्ही जोडीनं घालतो. प्रत्येक घडीला दोघींची तोंडं समोरासमोर येतात. निकालापासून माझी जोडीदारीण नेमकी तेव्हाच खाली बघते. काल विचारलंच. म्हणाली, "हुशार होती गं, पण आवाज केवढा चढायचा तिचा. आणि घरदार सोडून हिंडायची."

जिंकलेला तर दिवसभर ओरडतच असतो. त्याचं घरदार कोण बघतं, हे कोणी विचारलं का?

सोमवारी आमच्या पाळीचा मुकादम निवडायचाय. मी उभी आहे, समोर नवा इस्त्रीवाला. सगळ्या म्हणतात, तूच हवीस. जोडीदारीण सगळ्यात मोठ्यानं म्हणते. म्हणून मी साहेबांना सांगितलं, चिठ्ठ्या नकोत, हात वर करायला लावा.

तुम्ही इथे असता तर हात वर केला असता ना? उत्तर लिहून पाठवू नका, फोन करा. बोलण्याआधी किती थांबता, ते मला ऐकायचंय.

तुमचीच,
घरदार सोडून आलेली