सकाळी न वळणारी बोटं

आई, आज सकाळी माझ्या हातून डब्याचं झाकण लागलं नाही. बोटं सुजलेली, मूठ वळेना. पहिल्या शिफ्टची बस चुकू नये म्हणून हल्ली मी तासभर आधी उठते, गरम पाण्यात हात घालून बसते आणि ते माझं ऐकायची वाट बघते. काळेवाडीच्या खोलीत तूही मोरीपाशी अशीच बसायचीस. आम्हाला वाटायचं, हिला लवकर उठायची सवयच आहे.

मी तेव्हा दहावीला. तू म्हणालीस, "एवढी कणीक मळून दे गं." पुस्तकातून मान वर न करता मी म्हटलं, "का, तुझे हात काय झडलेत?" तू हसलीस. "झडले असते तर बरं झालं असतं बाई, दुखले तरी नसते." आणि मनगटानं मळायला लागलीस. मी उठले नाही. मेली जीभ माझी! पुढे तुझी बोटं एका बाजूला कलली, वरणभात मी भरवायचे, तरी ते बोलणं तू कधी काढलं नाहीस.

मी चाकणला कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडते. कनेक्टर टक् वाजेपर्यंत दाबायचा, मग ओढून बघायचा, दिवसभर हेच. दोन महिने झाले, माझा टक् वाजतच नाही. शेजारची लातूरकडची पोरगी सुपरवायझरची पाठ वळली की माझे दाबून देते. परवा तीच चिडली, "ताई, दवाखान्यात जा की. असं लपवून काय व्हायलंय?"

गेले. निगडीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही वयाची झीज नाही. आपलंच शरीर सांध्यांवर उलटतं, तसला संधिवात आहे. औषध लगेच सुरू केलं तर हात बरेच वाचतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही हं. आणि रक्त तपासत राहायचं." पुढचं मला ऐकूच येईना. डोळ्यांपुढे तुझी बोटं. कंपनीत कळलं तर लाइनवर ठेवतील का, माझ्या पोरीची वेणी कोण घालील? आणि तुला वेळेत कुणी असं सांगितलं असतं तर? आम्ही तुला तेल चोळायला सांगितलं आणि आपापल्या कामाला गेलो.

मग बाईंनी लिहितालिहिता विचारलं, "घरात कुणाला होतं का? आईला?"

मी म्हटलं, "नाही. आईचे हात शेवटपर्यंत चांगले होते."

तोंडातून निघूनच गेलं गं. हो म्हटलं तर तुझे हात मलाच येतील, अशी भीती वाटली. पुढच्या महिन्यात रिपोर्ट घेऊन जायचंय, तेव्हा खरं सांगायला हवं. आज बसमध्ये मनातल्या मनात म्हणून बघितलं, 'आईला होतं.' तेवढ्यानंही घाम फुटला. तुला सगळं लिहिलं, डॉक्टरबाईंना अजून सांगितलेलं नाही.