पांढरा पडलेला रोल

३ नोव्हेंबर
जुनी लेन्स विकायला काढली. कळव्याहून धनेश नावाचे गृहस्थ बघायला आले — जुने कॅमेरे जमवतात. लेन्स उजेडाकडे धरून म्हणाले, आतली पाती चिकटलीयत मॅडम. घेतली नाही. चहा मात्र घेतला. आठवड्यात घरात आलेलं पहिलं माणूस.

४ नोव्हेंबर
खिडकीत बसून स्वतः तपासली. मागचा खटका बोटाने दाबला की पाती झटकन मिटून मधलं उजेडाचं भोक लहान व्हायला हवं. ही सावकाश सरकतात. वर तेलाचा तवंग. म्हणजे फोटो निघतो तेव्हाही भोक मोठंच! उजेड जास्त शिरणार, फोटो पांढरा पडणार. भोक पूर्ण उघडं ठेवून काढला तरच नीट, कारण तेव्हा पात्यांना हलावंच लागत नाही.

पांढरा फोटो. इथे हात थांबला.

५ नोव्हेंबर
दोन हजार चार. आईचं सहस्रचंद्रदर्शन. पाहुण्यांचं मी बघत होते, म्हणून हीच लेन्स लावलेला कॅमेरा धाकट्या बहिणीकडे दिलेला — कांताकडे. गच्चीवर उन्हात काढलेला अख्खा रोल पांढरा आला. दोन महिन्यांनी आई गेली. तेराव्याला सगळ्यांदेखत मी कांताला म्हणाले, "तुझ्यामुळे आईचा शेवटचा एक फोटो नाही आपल्याकडे." ती कल्याणला गेली ती गेलीच. एकवीस वर्षं.

आणि तेल? लेन्सची रिंग जड फिरते म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात शिलाई मशीनचं तेल सोडलेलं. मीच.

६ नोव्हेंबर
फोन हातात घेतला. ठेवला.

८ नोव्हेंबर
डोंबिवलीहून कल्याण किती लांब! दोन स्टेशनं. आज गेले. दार कांतानेच उघडलं. तिचे केस पूर्ण पिकलेत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, तेलाचंही. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच — "ताई, लेन्समध्ये काहीतरी आहे असं मी तेव्हाच म्हणालेले. तू ऐकलं नाहीस." बस म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. मीच निघाले.

९ नोव्हेंबर
एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा आला. दूध-पोळी खाल्ली.

१२ नोव्हेंबर
कांता आली. एक पाकीट पुढे ठेवलं. सहस्रचंद्रदर्शनाच्या संध्याकाळी घरात आईला एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, तेव्हा कांताने दुसरा रोल भरलेला. उजेड कमी, म्हणून भोक पूर्ण उघडं. छत्तीसच्या छत्तीस फोटो आलेत. आई हसतेय. ओवाळणारी मी.

हे पाकीट ती तेराव्याला मला द्यायला घेऊन आली होती. मी बोलले, म्हणून पर्समधून काढलंच नाही.