कोबेची चटई

आंटी,

हे मी मराठीत लिहितेय, त्यामुळे तुम्ही असतात तरी वाचलं नसतंत. बोललेली मराठी तुम्हाला सगळी कळायची, भाजीवालीशी भांडण्यापुरती बोलताही यायची, पण कागदावरची नाही. तुमची रेसिपींची सिंधी वही उजवीकडून डावीकडे चालायची आणि क्लासमधल्या एकाही पोरीला ती वाचता यायची नाही, म्हणून तर माझी गरज पडली. तुमच्या बिल्डिंगमध्ये खाली दातांचा दवाखाना होता, तिथे मी सकाळी पेशंटचे नंबर लावायला बसायचे. तुम्ही दाढ दाखवायला आलात, माझं रजिस्टर पाहिलंत आणि डॉक्टरांसमोरच म्हणालात, "इसकी हैंडराइटिंग तो छपाई जैसी है. इसको दोपहर में मेरे पास ऊपर भेजो." दाढ राहिली बाजूलाच. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सांगताय आणि मी हिंदीत लिहून घेतेय, झेरॉक्स काढून आणतेय, आणि महिन्याभरात माझ्या हातात पेनाऐवजी सुरी आली. तुमचा प्रत्येक शब्द मी उतरवून घेतला. तुम्हाला मात्र एक गोष्ट मी खोटी सांगितली. एवढ्या वर्षांनी ती लिहायला बसलेय, कारण गेल्या रविवारी एक बाई माझ्या क्लासला आल्या. पण ते पुढे.

कॅम्प चारच्या सिंधी वस्तीतला तो दुसऱ्या मजल्यावरचा हॉल मला आजही पाठ आहे. भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्या, मधलं मोठं टेबल, आणि आतल्या खोलीत पेपर वाचत पापड खाणारे अंकल. तेव्हा घरोघरी नवीन नवीन केबलवर स्वयंपाकाचे कार्यक्रम लागायचे आणि बायकांना रोज नवं काहीतरी हवं असायचं. केक झाला, चायनीज झालं, चॉकलेटं झाली, उसाच्या रसासारखी दिसणारी मॉकटेलं झाली. मग त्या हिवाळ्यात तुमची नणंद जपानहून आली, कोबेहून, आणि तिने बॅगेतून काढलं काय, तर काळ्या कागदांची पाकिटं आणि सुशीचे रोल वळायची, बांबूच्या काड्यांची एक छोटीशी चटई. पाटावर अंथरायच्या चटईचं पिल्लूच जणू. तुम्ही ती अशी हातात घेतलीत की मला वाटलं आता हिची पूजा होणार.

पहिल्या दिवशी पहिल्या रांगेतल्या बाईने, तीच ती, कायम नाकाने कांदे सोलणारी, काळा कागद हुंगला आणि ओरडली, "आंटी, ये मछली तो नहीं है ना?" अर्धी बॅच सत्संगवाली, शुद्ध शाकाहारी. सगळ्यांचे हात मांडीवर. तुम्ही शांतपणे एक कागद फाडून तोंडात टाकलात आणि म्हणालात, "मछली नहीं, समुंदर की पालक है." झालं. पुढे त्या कागदाला कुणी नोरी म्हटलंच नाही. मी झेरॉक्समध्येसुद्धा तसंच लिहिलं, समुंदर की पालक, दो पत्ते.

पण भाताने रडवलं. तुम्ही महागातला तांदूळ आणायचात, लांब दाण्याचा, जुना. आपल्याकडे मोकळा, शितं मोजावीत असा भात झाला की बाईचा हात चांगला. इथे तोच नडला. व्हिनेगर, साखर, मीठ, सगळं मापात, परातीत पंख्याने वारा घालून घालून माझे दंड भरून आले, आणि रोल कापला की भात टेबलभर. चार दिवस हे चाललं. मी आपली भीतभीतच म्हणाले, "आंटी, माझ्या मावशीची वांगणीला भातशेती आहे. तिथला नवा तांदूळ आणू का? जाडा असतो. आम्ही त्याला शिव्या देतो, शिजला की चिखल होतो." तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. "चिखल? वही तो चाहिए!" मी पिशवीभर आणला. पहिल्या रोलचे आठ तुकडे टेबलावर गोल उभे राहिले, एकसुद्धा पडला नाही. तुम्ही पहिला तुकडा माझ्या तोंडात कोंबलात आणि सगळ्यांना सांगितलंत, "जापान का पत्ता, सिंधी का आलू, मराठी का चावल." मी त्या दिवशी अंबरनाथला घरापर्यंत जमिनीला पाय न लावता गेले असेन.

आलू खरंच सिंधी होता. कच्ची मासळी तुमच्या घरात येणं शक्यच नव्हतं. अंकलच्या बायपासच्या वेळी तुम्ही मन्नत मागितली होतीत, ते उठून बसले तर मच्छी-मटण जन्मभर बंद. ते उठून बसले, आणि तुमच्या किचनमधून मासे गेले ते गेलेच. मला एकदा आलू टुक दाबताना तुम्ही सांगितलंत की आधी तुमच्याइतकी मच्छी खाणारं सासरी कुणी नव्हतं. सांगितलंत आणि लगेच विषय बदललात. तर मग रोलमध्ये काय घालायचं? दोनदा तळून चपटा केलेला आलू टुक. कमळकाकडीचं लोणचं. पनीर. एकदा तर भाजलेल्या पापडाचा चुरा, तो मऊ पडायच्या आत खायचा म्हणून बायका घास तोंडात घेऊन हसत होत्या. त्या हिरव्या जपानी चटणीऐवजी आपली पुदिन्याची, मिरची जरा जास्त. तुमचं डोकं अफाट चालायचं, आंटी. तोंडदेखलं नाही म्हणत.

मग एके दिवशी तुम्ही म्हणालात, "बदलापूर की लेडीज़ पूछ रही हैं. मेरे घुटने तो उतनी दूर जाएँगे नहीं. तू सँभालेगी?" माझं वय तेवीस. घरी आई आणि मी. दवाखान्यात नंबर लावण्यापलीकडे आयुष्यात काही होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि इथे स्वतःची बॅच! मी हो म्हणाले आणि रविवारच्या सरावासाठी चटई मागितली. तुम्ही ती जुन्या ओढणीत गुंडाळून दिलीत. "संभाल के. एक ही है."

एकच आहे, हे मी चांगलं ऐकलं होतं.

रविवारी सकाळी मी अंबरनाथच्या आमच्या ओट्यावर सगळं मांडलं. भात, काकडी, गाजर. आई शेजारी बसून बघतेय. मी पहिला रोल केला, तिने तुकडा खाल्ला, चावत राहिली, आणि म्हणाली, "हे काय गं? आजाऱ्याचं जेवण. तो काळा कागद बघ, त्याला सरळ समुद्राचा वास येतोय. त्यात काकडी कसली घालतेस? जवळा घाल." तव्यावर रविवारचा सुका जवळा होताच, आमच्याकडे तो नसला तर रविवार कसला. आता ह्यात आईचा दोष नाही, तिला तुमची मन्नत ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. पण हातात चटई, समोर जवळा, आणि मनात एकच, हे कसं लागेल? मी घातला. घातला तो घातला, हावरटासारखा दोन चमचे जास्त घातला. गुंडाळताना कागद मधोमध फाटला आणि तेल, हळद, आमसुलाचा रस, सगळं त्या काड्यांच्या मधल्या दोऱ्यांत जाऊन बसलं.

आंटी, मी काय काय नाही केलं. साबण, लिंबू, बेसन, मीठ. गॅलरीत दुपारभर ऊन दाखवलं. आई म्हणाली, "बाई गं, बांबूत शिरलेला जवळ्याचा वास जातो होय? दोरा काढून टाकशील तेव्हा जाईल." मी तिच्यावर खेकसले. पिवळा डाग गेला. वास माझ्या नाकाला तरी गेल्यासारखा वाटला, पण आमचं नाक काय, त्यातच वाढलेलं.

सोमवारी दुपारी क्लास. टेबलावर चटई मीच अंथरली. पहिल्या रांगेतून आवाज आला, "आंटी, आज कुछ... मछली जैसा?" माझी तर पाचावर धारण बसली. तुम्ही चटई उचललीत, नाकाशी नेलीत. जरा जास्तच वेळ धरलीत, असं मला तेव्हाही वाटलं होतं. मग खाली ठेवलीत आणि म्हणालात, "पत्ते की बू बैठ गई है. समुंदर की चीज़ है, गुलाब की खुशबू आएगी क्या? और सुनो, घर पे किसके पास जापान की चटाई पड़ी है? आज नैपकिन पे सीखो." जाड नॅपकिन, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि तुम्ही असा सफाईने रोल केलात की जसं काही वर्षभर तोच विचार चालला होता. मला वाटलं, सुटले. तुम्हाला कळलंच नाही.

सगळ्या गेल्यावर तुम्ही परात पुसत, माझ्याकडे न बघता विचारलंत, "कल घर पे क्या डाला था?"

"काकडी-गाजर, आंटी."

"अच्छा," तुम्ही म्हणालात. "स्वाद कैसा था?"

"ठीक था."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मला तेव्हा एकच दिसत होतं. तुमची मन्नत, तुमचं किचन, आणि मी दारात उभी, हातात चपला. बदलापूरची बॅच गेली, वरचं काम गेलं, परत आपलं नंबर लावणं. आणि आणखीही एक होतं, ते लिहायला आजही जड जातं. त्या हॉलमध्ये वासावरून माणसं ओळखणाऱ्या बायका होत्या. "मछली जैसा" म्हणताना त्या पहिल्या रांगेतल्या बाईने चटईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं होतं. तिच्या हातात मला ते द्यायचं नव्हतं. म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि तुमच्यात आणि तिच्यात फरक होता हे मला माहीत असून बोलले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती चटई ओढणीत गुंडाळून माझ्या हातात ठेवलीत. "ये तू रख. बदलापूर में काम आएगी." मी वाकून पाया पडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात त्या दिवशी नुसती दिवाळी. पुढे सगळ्यांना सांगत फिरले की आंटींनी आपली कोबेची चटई मला दिली, म्हणजे मीच त्यांची खरी चेली. बदलापूरची बॅच चालली. त्यातूनच दुसरी, तिसरी. आमच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळातसुद्धा शिकवलं, तिथे तर जवळ्याच्या रोलवर उड्या पडल्या. तुमच्याकडे येणं कमी झालं. नणंद परत आलीच नाही, आणि दुसरी चटईसुद्धा. तुम्ही शेवटपर्यंत नॅपकिनवर शिकवत राहिलात. तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं, तेव्हा मी एका लग्नाची ऑर्डर करत होते, आणि ती पुरी करूनच रडले.

आता त्या रविवारच्या बाई. चिखलोलीच्या नव्या टॉवरमधून आल्या होत्या. पर्समधून घडीचा नॅपकिन काढून म्हणाल्या, "मैं इसी पे करती हूँ. मेरी सास ने ऐसे ही सिखाया." मी सासूचं नाव विचारलं. तुमची धाकटी सून, आंटी. मी क्लास सोडल्यावर तुमच्या घरात आलेली, त्यामुळे आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलंच नव्हतं. मी चटई पुढे केली. तिने ती बघितली, काड्यांवरून बोट फिरवलं आणि एकदम हसायलाच लागली. "ये वो सुकी मच्छीवाली चटाई तो नहीं?"

तुम्ही तिला सगळं सांगितलं होतंत. कितीदा तरी, म्हणे, हसत हसत. त्या सोमवारी सगळे गेल्यावर तुम्ही किचनचं दार लावून चटई परत हुंगलीत. एकदा नाही, दोनदा. अंकलनी बाहेरून विचारलं तर म्हणालात, झाडू मारतेय. "मम्मी कहती थीं, इतने साल बाद मुँह में ऐसा पानी आया कि मैं डर गई. ये घर में रही तो मेरी मन्नत आज नहीं तो कल टूटेगी. इसलिए उस लड़की को दे दी. और कहती थीं, पगली सच बोल देती तो कम से कम पूछ तो लेती, कैसे बनाया."

सून हसत होती, बाकीच्या बायकाही हसल्या. मी आत जाऊन नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. एवढी वर्षं मी समजत होते की मी तुम्हाला फसवलं आणि तुम्ही मला बक्षीस दिलंत. तुम्ही तर सगळ्यांसमोर मला झाकलंत, मग विचारून एक संधी दिलीत, आणि मी ती घेतली नाही. "स्वाद कैसा था?" हे तुम्ही खरंच विचारत होतात, आंटी. तुम्हाला खरंच हवं होतं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. चटईत गुंडाळून ठेवणार होते, पण उद्या क्लास आहे, चटई लागेल. झेरॉक्सच्या जुन्या फायलीत जाईल, तुमच्या आलू टुकच्या मागे. तर तुमची शेवटची रेसिपी लिहून घ्या, या वेळी मी सांगते. जवळा निवडून कोरडाच भाजायचा. धुऊन घट्ट पिळायचा. कांदा लाल करायचा, हिरवी मिरची, हळद, दोन आमसुलं, वर जवळा, पाणी थेंबभर नाही. रोलमध्ये एकच चमचा, माझ्यासारखं करायचं नाही. ठीक नव्हता, आंटी, फार सुंदर झाला होता.

आणि तुम्ही परात पुसत विचारत होतात ना, तेव्हा त्या फाटलेल्या जवळ्याच्या रोलचे दोन तुकडे डब्यात शिल्लक होते. डबा माझ्या पर्समध्ये, पर्स तुमच्या किचनच्या दाराला टांगलेली. खाली जाताना जिन्यात उभी राहून मी एकटीने खाल्ले. दिले असते तर तुम्ही खाल्ले नसतेत, मला माहीत आहे. पण डबा उघडायला हवा होता.