घराच्या चौकोनात खूण

५ फेब्रुवारी २००६, रविवार
चौकोन फार लहान काढलेत. ज्याने काढले त्याला आजी नसणार. असती तर कळलं असतं म्हातारीला किती दिसतं ते. आता जय भीम. आधी तक्रार केली, नाहीतर विसरते.
चैताली पेन देऊन गेली. माझी नात. बाप नांदेडला बदलीवर, म्हणून कॉलेजभर माझ्याकडे राहिली. आता हिंजवडीत नोकरी आणि तिकडेच मैत्रिणींबरोबर फ्लॅट. तिची कंपनी कागदाचं आणि कॉम्प्युटरचं लग्न लावते आहे. कागदावर बारीक ठिपके, पेनाला डोळा. इथे लिहिलं की तिकडे उमटतं. पानाखाली चार चौकोन: फोन, औषध, गॅस, घर. घराला खूण केली की तिला कळणार, आजी बोलावते.
रोज काहीही लिही म्हणाली. लिहिलेलं कोणी वाचत नाही, फक्त खुणा बघतात. बरं झालं. मी माझ्यासाठीच लिहिणार. आणि फोन करून तिला त्रास देणार नाही. ठरलं.

६ फेब्रुवारी
पेनाबरोबर वायरवाली काळी डबी आहे. पेन तिच्यात उभं करायचं. चैताली त्याबद्दल बरंच सांगत होती, मी तिचा डबा भरत होते. पण प्लग खाली, म्हणून डबी जमिनीवर, केरसुणीशेजारी. तात्यारावांनी, आमच्या मालकांनी, या घरात पेन कधी जमिनीला टेकू दिलं नाही. पेनाची जागा बाबासाहेबांच्या फोटोपुढे. तिथे ठेवलं. शोभतंय. डबीचा हिरवा दिवा डोळ्यात खुपत होता, प्लग काढला. डबीत आता कंगवा बसतो, अगदी मापाचा. कंपनीला सगळं सुचतं असं नाही.

१४ फेब्रुवारी
काल गॅसला खूण केली. आज सिलिंडर दारात! पेन पास.
शेजारची रशीदा म्हणाली, आजी, दोघींचा नंबर मीच लावला होता, गेल्या आठवड्यात. असेल. पण खूण काल केली आणि गाडी आज आली. याला टेस्टिंग म्हणतात. तिला कळणार नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळीच घराला खूण केली. सुकट भाजली, भाकऱ्या टाकल्या. पोरीला सुकट आवडते, फ्लॅटवर वास चालत नाही म्हणे.
दुपारी दार वाजलं. पोलिओवाले. पाच वर्षांच्या आतलं कोणी आहे का घरात? म्हटलं, असतं तर इतकं शांत असतं का?
खूण जरा तिरकी गेली होती. माझी चूक नाही. चौकोन लहान.

५ मार्च, रविवार
घराला खूण. सरळ. दोनदा गिरवली.
सुकट उद्या मीच खाईन.

९ मार्च
चैतालीचा ऑफिसातून फोन. पहिला प्रश्न, जेवलीस का? कालच मी लिहिलं होतं की एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो. म्हणजे वाचतात! ती विचारते दर वेळी हेच, पण आजचा सूर वेगळा होता.
पेन बरं आहे ना, म्हणाली. उत्तम आहे म्हटलं. आणखी काही विचारणार होती, इतक्यात मागून कोणीतरी मीटिंग मीटिंग ओरडलं.
चैताली, तिकडे कोणी वाचत असलं तरी तू वाचत नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून सांगते. तुझी गादी उन्हात घातली. उशी तशीच ठेवली, तुझ्या केसांचा वास आहे अजून. खोबरेल कमी लाव.

१९ मार्च, रविवार
विहारात यमुनाबाईंना सांगितलं, मी आयटीत आहे. घरून काम असतं. यमुनाबाई म्हणाल्या, मग पगार? म्हटलं, अहो, डिझाइनवाल्यांना तसं विचारत नसतात.
डिझाइनमध्ये एक चूक सापडली. चारही चौकोन माझ्या बाजूचे. मी खूण करते, पण समोरच्याला पोचली की नाही, हे मला कोण सांगणार? एक चौकोन असा हवा की ज्यात खूण तिकडून येईल. हे लिहून ठेवते. उद्या तिकडे चर्चा होईल.

२ एप्रिल
बीपीच्या गोळ्या संपल्या. औषधाला खूण करून बसले. दोन दिवसांनी रशीदाने रिकामी पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. स्वतः जाऊन गोळ्या आणल्या. कंपनीनेच तिला कळवलं असणार, ती कबूल करत नाही.
म्हणते कशी, आजी, सीधा फोन उठाओ और बोलो, बेटा आ जा. इतनीसी बात! म्हटलं, टेस्टिंग चालू असताना फोन केला तर निकाल बिघडतो. ती म्हणाली, निकाल गया तेल लगाने. तिचं शिक्षण माझ्याहून कमी.

१४ एप्रिल, सकाळ
जयंती. पांढरी साडी. चैताली जयंतीला घरी नव्हती असं कधी झालं नाही. तरी घराला खूण केली, कागद फाटेल इतकी दाबून.

१४ एप्रिल, संध्याकाळ
मिरवणुकीचा आवाज फार होता. तिने दार वाजवलं असेल, मला ऐकू आलं नसेल.
दार उघडंच होतं.

२३ एप्रिल, रविवार
चैताली आली. खुणेने नाही. पेन परत न्यायला.
कंपनीने कागदाचं काम बंद केलं. आता सगळं मोबाइलवर करणार म्हणे.
पेन फोटोपुढून काढून दिलं. डबी दिली. तिने आधी कंगवा काढला आणि नुसती डबीकडे बघत बसली. मग सांगितलं. पेन पहिल्या आठवड्यातच विझलं होतं. डबीत उभं केल्याशिवाय त्याला जीव येत नाही आणि तिकडे काही जातही नाही. शाई चालत होती, म्हणून मला वाटलं डोळाही चालतोय. एकही खूण पोचली नाही.
म्हटलं, मग विचारलं का नाहीस? म्हणाली, मला वाटलं तू हातच लावत नाहीस पेनाला. मी घर सोडून गेले म्हणून रुसलीस. जयंतीला खाली चौकापर्यंत येऊन परत गेले. आजी, तुला विचारायची भीती वाटते गं.
माझी भीती? मी काय चावते? रशीदा दारात उभी होती, ती खोकली.
खाली मैत्रीण गाडी चालू ठेवून थांबलेली. पेन आणि डबी बॅगेत गेली. कागद राहू दे म्हणाली, किराण्याच्या यादीला होतील. सुकट मात्र नेली. घाईघाईत पाया पडली. पुढच्या रविवारी येते म्हणाली. सगळेच म्हणतात.
हे रशीदाच्या साध्या पेनाने लिहिते आहे. छापलेले चार चौकोन राहू देत. खाली पट्टी धरून मी पाचवा काढला आहे, पोळपाटाएवढा. रिकामा. रशीदाने ही सगळी पानं पुढच्या वेळी चैतालीच्या हातात द्यायची, मध्ये तोंड घालायचं नाही. या चौकोनात खूण चैतालीनेच करायची. इथे, माझ्यासमोर बसून, गाडी बंद करून. मोबाइलवरून चालणार नाही.