पिठातलं नाव

चि. सौ. वच्छलेस,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. अडलं तर लेकीला विचार, तिच्या आजीला नको.

तू पोरांना शाळेतून आणायला गेलीस तेव्हा मी पाण्यासाठी आत आलो. जात्याभोवतीच्या पिठात बोटानं काढलेलं ‘सोजरा’ दिसलं. तुझं माहेरचं नाव. लग्नात आम्ही ते बदललं आणि पुढं मीही विसरलो. पोरांच्या पाट्या पुसता पुसता तू अक्षरं उचललीस, या घरात कुणाला न कळता. जन्मभर पोथ्या वाचणारा मी त्या पिठापुढं उभाच राहिलो. ओलांडायचा धीर झाला नाही.

“पोरं शाळेत गेली, आता हिले दिवसभर काय काम?” असं तुझ्या सासूबाई म्हणतात. त्यांच्यापुढं माझं तोंड उघडत नाही, हे तू जाणतेस. पण मास्तरांच्या बाई दुपारी बायकांना शिकवणार आहेत. उद्या तुझं नाव घालून येतो म्हणतो.

वच्छला सांगू की सोजरा? सून-सासऱ्यानं समोर बोलायची आपल्यात रीत नाही, तेव्हा उत्तर पिठातच लिही. मी देऊळघाटला जाऊन दिवेलागणीला येतो. तोवर पुसू नको.

मामाजी