निघताना कळू नये अशी गाडी

आबा, तुम्हाला गाडीतलं काही कळत नव्हतं. हे मी तुमच्या तोंडावर पुष्कळदा म्हणालोय, पण आता उलटून बोलायला तुम्ही नाही, त्यामुळं ते म्हणण्यात मजा राहिली नाही. चित्रकलेचा मास्तर माणूस. कुठल्याशा विलायती मासिकात मोटारीमागं जोडलेली खोली पाहिलीत, आत पलंग, स्टोव्ह, खिडकीला पडदा, आणि ती सगळी सुट्टी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारागिराच्या शेडमध्ये काढलीत. कॅरॅव्हॅन हा शब्द उचगावात कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून तिचं नाव खोली पडलं. खिडकी तुम्ही गुडघ्याएवढ्या उंचीवर घेतलीत. कारागिरानं विचारलं, गुरुजी, ह्यातनं काय कोंबड्या बघायच्या? झोपून बघायची हाय ती, असं म्हणून तुम्ही पुढच्या मापाकडं वळलात. पुढं मी त्या खिडकीवर वर्तमानपत्रातल्या माझ्या विनोदी सदरात एक अख्खा लेख लिहिला. चांगला जमला होता.

खोली झाली, मग ती ओढायला गाडी शोधणं आलं. ती तुम्ही जनावरांच्या बाजारात फिरल्यासारखी शोधलीत. बॉनेटवर थाप मारायची, मागून दाबून बघायचं, चारी बाजूंनी फिरून छाती बघायची. वर विकणाऱ्याला म्हणायचं, वाळूनं भरलेली ट्रॉली जोडा आणि चढावर घालून दाखवा. एकानं तर विचारलंच, "गुरुजी, दात बघता का हिचं?" तुम्ही हसला नाहीत. शेवटी एक रुंद छातीची पेट्रोल गाडी घरी आली, दिसायला रुबाबदार, आणि पहिल्याच फेरीला आपण ती जोतिबाच्या घाटाला जुंपली. अजून तो वास माझ्या नाकात आहे. दुसऱ्या वळणावर गाडी थांबते, तुम्ही पुन्हा उठवायला जाता, क्लच अर्धा सोडून इंजिन ओरडत राहतं, खोली मागं खेचते आणि सगळ्या घाटात जळक्या रबरासारखा धूर. मी हसत होतो. आई खाली उतरली नाही. तिनं खोलीतच स्टोव्ह पेटवला, पिठलं टाकलं, आणि आपल्यामागं अडकलेल्या ट्रकवाल्यांनाही वाढलं. त्यातला एक हात धुताना म्हणाला, पावणं, गाडी बदला, वहिनीस्नी बदलू नका. तेव्हा मी आणखी मोठ्यानं हसलो आणि तुम्ही माझ्याकडं वळलात. "हसायला काय लागतंय रे. एकदा ओढून बघ की." बास, एवढंच. त्यानंतर गाडी विकली गेली, खोली परड्यात उभी राहिली, आईनं तिच्यात सांडगे वाळवले. माझ्या लग्नात लोकांनी मिक्सर दिले. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून तो लोखंडी गोळा दिलात, गाडीच्या मागं बसवून ज्यावर खोलीचा दांडा अडकवतात तो हूक. म्हणालात, गाडी घेशील तवा लागंल. बायकोनं पुढची काही वर्षं तो दाराला टेकू म्हणून वापरला.

आता ओढून बघायची पाळी माझ्यावर आली, आबा. आईच्या हाडांत पसरलंय. पाठीच्या मणक्यात जास्त. तिला बसता येत नाही, कुशीवर वळवतानाही आम्ही दोघंतिघं लागतो, आणि डॉक्टर आता तारखा सांगत नाहीत, नुसतं 'बघू' म्हणतात. अशात तिनं धरलं की एकदा वाडीला देवदर्शनाला न्या. पौर्णिमा चुकवली नव्हती तिनं कधी, तुम्हाला ठाऊक आहे. मी अँब्युलन्स सांगतो म्हणालो. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "तुझ्या आबांस्नी त्यात घातलं, ते परत आलं न्हाईत. मी त्यात जायाची न्हाय. आपली खोली हाय की." शेजारच्यांनी उसाचा ट्रॅक्टर सुचवला. त्यावर ती म्हणाली, मी काय ऊस हाय? ह्या वयात, ह्या दुखण्यात, ही बाई माझ्यापेक्षा चांगले टोमणे मारते.

मग मी गाड्या बघत फिरलो. आयुष्यभर लोकांच्या हावऱ्या खरेदीवर लिहिलं, आणि आता शोरूममधल्या गार हवेत, गळ्यात टाय बांधलेल्या पोरासमोर हात जोडून उभा होतो. तो मायलेज सांगायचा, मी हिसका विचारायचो. सगळे सांगायचे, डिझेल जीप घ्या, ओढायला तिच्यासारखी नाही, पहिल्या गिअरला डोंगर ओढते, उतारावर गिअरमध्येच धरून ठेवते. एकाची जीप मागून आणली, तुमचा गोळा तिला बसवला, चाकांत हवा भरली, रिकामी खोली जोडून परड्यातनं रस्त्यावर काढली. ताकद होती, वादच नाही. पण क्लच सोडला की दांड्यातनं एक धक्का मागं जायचा, गिअर बदलला की दुसरा, ब्रेक लावला की खोली मागून येऊन ढुशी मारायची. आईनं पडल्या पडल्या घराच्या खिडकीतनं ते पाहिलं. संध्याकाळी पलंगाशी बोलावून विचारलं, "तांब्या ठेवलातास?"

मी विसरलोच होतो. ही गोष्ट तुम्हीच सांगायचात. मला घेऊन आई हातकणंगल्याच्या माहेराहून परत यायची होती, आजोबा तरण्या खोंडांची गाडी घेऊन गेले. आपल्यात बाळंतिणीला गाडीत घालण्याआधी तिच्या जागी काठोकाठ भरलेला तांब्या ठेवून गाडी वेशीपर्यंत नेऊन आणायची पद्धत. खोंडांनी निम्मा तांब्या सांडला. आजोबांनी ते सोडले, गावातली एक म्हातारी, पेंगुळलेली जोडी मागून आणली आणि तिच्यावर आम्हाला घरी आणलं. आई म्हणाली, "ताकदीचा बैल नगं मला. निघताना कळत न्हाई असला बघ."

निघताना कळत नाही अशी गाडी म्हणजे बिनक्लचची, गिअर आपोआप बदलणारी. आपल्या कोल्हापुरात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक आपल्या शेजारच्या गुळाच्या अडत्यांची. तुम्ही गेल्यावर ते पलीकडं राहायला आले. घरात कानडी बोलतात, आईला अव्वा म्हणतात. गाडी परदेशी बनावटीची, रणगाड्याएवढी, खोलीपेक्षा चांगली जड, म्हणजे उतारावर खोलीनं गाडी चालवायची भीती नाही. स्वतःच्या जावयालाही ते तिला हात लावू देत नाहीत. मी अंगणात उभा राहून प्रस्तावना करत होतो तेवढ्यात त्यांनी किल्ली पुढं केली. "अव्वाला न्यायचंय नव्हं? मग इचारता काय." गोळा बसवायला मागं भोकं पाडताना मात्र ते पाठ करून उभे राहिले, लेक सासरी निघाल्यासारखे. उद्यमनगरातल्या मेकॅनिकनं बजावलं की हिला दांडकी गिअर नाहीत, तेलावर चालतं सगळं, आणि वजन ओढलं की ते तेल तापतं. सावकाश जा, थांबून थांबून जा, वरच्या गिअरात जाऊ देऊ नका. घाट असता तर नकोच म्हणालो असतो, पण वाडीचा रस्ता सपाट, म्हणून होय म्हणतोय, असं तो म्हणाला.

आधी रिकामी फेरी केली. अडते पोट सांभाळत खोलीत बसले, समोर पलंगावर तांब्या, घरच्या पाण्यानं काठापर्यंत भरलेला. मी पुढं. पाय ब्रेकवरनं उचलला आणि आबा, गाडी निघाली ते खरंच कळलं नाही. हातकणंगले गेलं, सगळं ठीक. मध्ये झाडाखाली थांबून तेल निवू दिलं, अडत्यांनी खिडकीतनं तांब्या दाखवला, थेंब नाही. मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडण जिंकत चाललो होतो. आणि वाडीच्या अलीकडच्या पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलेला, तिथं मी गाडी रांगत नेली तरी मागची चाकं आपटली. उतरून पाहिलं तर चादर भिजलेली, अडते तांब्या छातीशी धरून बसलेले. दुसरा रस्ता नव्हता. दुसरी गाडी नव्हती. दिवस तर नव्हतेच. मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो आणि मला एकही विनोदी वाक्य सुचलं नाही. अडते वाडीच्या घाटावर गेले, नदीचं पाणी तांब्यात भरून आणलं आणि माझ्याकडं न बघता पलंगावर ठेवलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, सांडलं का रे. मी म्हणालो, न्हाय. तिनं तांब्यातलं घोटभर पाणी मागितलं, चमच्यानं दिलं, ती ते तोंडात घोळवत राहिली. इतकी वर्षं वाडीहून कळशीनं पाणी आणणारी बाई. मग म्हणाली, "मग जाऊया की."

गेलो. पुलाशी मी गाडी इतकी हळू नेली की मागून सायकलवाले शिव्या देत पुढं गेले. चाकं आपटली ती मला स्टिअरिंगमध्ये कळली. घाटाजवळ थांबून मागं धावलो. तिचा खालचा ओठ दातानं फुटला होता, पदरानं पुसून तिनं पदर मुठीत लपवला होता. "कळलंसुद्धा न्हाय की," म्हणाली. आणि मान वळवून तुमच्या त्या कोंबड्यांच्या खिडकीतनं नदी बघत बसली. बसली म्हणजे पडून राहिली. उशीवरनं थेट संगम दिसत होता, आबा. जरासुद्धा उंच असती खिडकी, तर नुसतं आभाळ दिसलं असतं.

आता ती फार बोलत नाही. इंजेक्शनचा अंमल असतो. हे पत्र तिच्या उशाशी बसून लिहितोय, आणि विचार असा होता की लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं. लवकरच ती तुमच्याकडं येतेय, तिच्या हाती निरोप पोचला असता, टपालापेक्षा खात्रीनं. पण मध्ये तांब्याची गोष्ट आली. ती गाळली तर पत्रात राहतं काय, आणि ठेवली तर तिला वाचून दाखवायचं कुठल्या तोंडानं. तिला त्या पहिल्या घोटालाच सगळं कळलं होतं, मला माहीत आहे. तरी मघाशी तिनं डोळे उघडून विचारलं, काय लिहितोस, तर मी म्हणालो, सदर.